पाकिटातली चाल

बुधवार, २ जानेवारी १९५७

ही वही परचुरेसाहेबांनी काल बुद्धिबळाच्या स्पर्धेत नाव दिलेल्या सगळ्यांना वाटली; साहेब स्वतः धरून आम्ही आठ जण आहोत, हरेल तो बाहेर. प्रत्येक डावाच्या चाली लिहून ठेवायच्या, अशी त्यांची अट आहे. साहेब कारखान्याचे मोठे इंजिनियर, त्यामुळे अट म्हणजे हुकूमच. चाली पुढच्या बाजूने लिहीन. हे मात्र वही उलटी धरून मागून लिहितोय, कारण कुणाला सांगता येत नाही आणि पोटात ठेवलं तर घास उतरत नाही.

आज दुपारी साडेतीनला बॉयलरच्या दाबाचा काटा १६५ वर गेला. तांबडी रेघ १५० वर आहे. तिथे पोचायच्या आत वरची झडप आपोआप उघडून वाफ सुटायला हवी. सुटली नाही. मी एकटा होतो. कोळसा घालणारा मुरारी गाडी आणायला बाहेर गेला होता. आमचे हेड चिमाजीराव, ज्यांच्या नावावर बॉयलरचं सर्टिफिकेट आहे, ते सायकलवर सांगवीला गेले होते, मुलीची सोयरीक बघायला. जाताना म्हणाले, "तासाभरात आलोच. काट्याकडं बघत बस." मी बघतच बसलो होतो. काटा चढताना दिसला. पहिला विचार पळून जायचा आला, हे इथे खोटं कशाला लिहू. मग भट्टीचं दार उघडलं, पेटता कोळसा बाहेर ओढला, हाताने वाफ सोडली. दहा मिनिटांत काटा खाली आला. मुरारी गाडी घेऊन आला तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो. म्हणाला, "काय राव, थंडीचा घाम?" मी बाहीने तोंड पुसलं.

चिमाजीराव चारनंतर आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोंदवहीत साडेतीनच्या ओळीत १२० लिही."

"पण काटा १६५..."

"खाली आला ना? मग झालं. एक तारखेला कायम करायच्या माणसांची यादी लागायचीय. काटा चढल्याचं दिसलं की पहिला सवाल तुलाच, तू काय करीत होतास."

मी १२० लिहिलं. टाक इतका दाबला गेला की कागद थोडा फाटला. माझ्यासाठी त्यांनी एवढा विचार केला. चिमाजीराव देवमाणूस आहेत.

रविवार, ६ जानेवारी

पहिला डाव जिंकलो. समोर हिशेबखात्यातला माणूस होता, त्याला वजीर कुठे ठेवलाय याचंच भान नव्हतं.

विलायती नियमांची अजून सवय होत नाही. आमच्या गावी, चाकणच्या अलीकडे, देवळाच्या ओट्यावर बा मला कापडी पटावर शिकवायचे. तिथे प्यादं एकेकच घर चालायचं. आणि ज्या राजाला एकदाही शह लागलेला नाही, तो सबंध डावात एकदा घोड्यासारखा अडीच घरं उडू शकायचा. साहेबांच्या खेळात प्यादं सुरुवातीला दोन घरं जातं आणि राजा मुळीच उडत नाही. साहेबांनी हे सगळं पहिल्या दिवशी फळ्यावर खडूने लिहून समजावलं. मी मान हलवत होतो. मान हलवायला मी पहिल्यापासून हुशार.

ओट्यावर आणखी एक रीत होती. कुणाची चाल नियमाबाहेरची झाली आणि समोरच्याच्या ध्यानात आली नाही, तर ज्याची त्याने आपण होऊन सांगायची. बा सांगायचे आणि मोहरा परत ठेवायचे. एकदा जिंकत आलेला डाव त्यांनी असा घालवला. मी लहान होतो, मला रडू आलं होतं.

शुक्रवार, ११ जानेवारी

सकाळच्या पाळीत बॉयलरच्या नळाचा सांधा फुटला. मुरारी समोर होता. उजवा हात कोपरापर्यंत आणि मान भाजली. त्याला ट्रकमध्ये घालून पुण्याला दवाखान्यात नेलं. तो ओरडत नव्हता, नुसता "पाणी, पाणी" म्हणत होता. या आठवड्यात त्याची पाळी सकाळची, माझी दुसरी, पण मी लवकर आलो होतो म्हणून पाहिलं. पाहायला नको होतं.

मागच्या आठवड्यातल्या गोष्टीशी याचा काही संबंध नसावा. ती झडप होती, हा सांधा आहे. चिमाजीरावही तेच म्हणाले. मी विचारण्याआधीच म्हणाले.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. काल दुसरा डावही जिंकलो, त्याचा आनंद मात्र वाटला नाही.

बायकोने, सगुणाने, तीळगूळ केला आणि म्हणाली, मुरारीभावजींच्या घरी देऊन येऊ. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "अवो, माणूस दवाखान्यात हाय आन तुमी नको म्हनताय?" गेलो. चाळीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची खोली. मुरारीची बायको कुशाबाई दारातच बसली होती. सगुणाच्या हातातला तीळगूळ घेतला, मुठीत धरला, खाल्ला नाही. मला म्हणाली, "दादा, तुमी तिथं असता. समदी म्हनत्यात यांनी कोळसा लई घातला म्हनून फुटलं. आता चौकशी लावलीया. यांनी न्हाई वो घातला. पंधरा वर्सं रेल्वेच्या इंजनावर कोळसा घातलाय त्यांनी."

मी म्हणालो, "चौकशीत निघंल समदं." काय निघेल? बॉयलरच्या नोंदवहीत २ तारखेपासून ११ तारखेपर्यंत काटा कधी वर गेल्याची नोंद नाही. मग फुटलं ते त्या दिवशीच्या कोळशानेच, असंच कुणीही म्हणेल.

परत येताना सगुणा म्हणाली, "तुमचा हात गार पडलाय." थंडी आहे, म्हणालो.

बुधवार, १६ जानेवारी

साहेब आज स्वतः बॉयलरवर आले. नोंदवही उघडून उभ्या उभ्या पानं उलटत होते. म्हणाले, "सयाजी, तुम्ही नोंद बारीक ठेवता. ११७, १२१, ११९. बहुतेक लोक ठोकळ आकडे टाकतात." मी हो म्हणालो. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. कुठली ओळ ते मी बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. बोटाने त्यांनी कागद चाचपून पाहिला. नंतर वही मिटली आणि म्हणाले, "रविवारी आपला शेवटचा डाव. माझी सुरुवात वजिराच्या प्याद्याने असते. सांगून ठेवतो, म्हणजे तयारी करा."

सुटलो. त्यांच्या डोक्यात बुद्धिबळच होतं.

चिमाजीरावांना हे सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, बोट किती वेळ ठेवलं होतं.

रविवार, २० जानेवारी

दुपारी दोनला क्लबच्या खोलीत डाव सुरू झाला. शंभरेक माणसं भिंतीला लागून उभी. पांढरी मोहरी साहेबांकडे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे वजिराचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मीही वजिराचंच प्यादं दोन घरं सरकवून त्याच्या तोंडाला तोंड लावलं. मग त्यांनी शेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. त्याच्या पाठीशी कुणी नव्हतं. माझं प्यादं ते तिरकं मारू शकत होतं. मागून चिमाजीराव कुजबुजले, "घे की, फुकट हाय." मी घेतलं नाही. कुणी फुकट देतं तेव्हा नंतर काहीतरी मागणार असतं, एवढं पटावर मला कळतं. मी राजापुढचं प्यादं एक घर टाकून आपली फळी बांधली. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "छान."

त्या "छान"ने मी अर्धा मेलो. चिमाजीराव सांगतात की साहेब माणूस बुद्धिबळावरून जोखतात आणि यादीवर सही साहेबांचीच. तेव्हापासून प्रत्येक चालीला मला यादी दिसते.

साडेपाचपर्यंत डाव बरोबरीत होता, पण साहेबांचा हत्ती आणि त्यामागे वजीर माझ्या राजाच्या उभ्या ओळीत येऊन बसले. मधे माझं एक प्यादं होतं म्हणून अजून शह लागला नव्हता, पण ते मारलं की मात. खेळायची पाळी माझी. तेवढ्यात साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना सहाच्या गाडीने पुण्याला जायचं होतं. म्हणाले, "विलायतेत रीत आहे. डाव थांबवताना ज्याची पाळी त्याने आपली चाल कागदावर लिहायची आणि पाकिटात बंद करायची. म्हणजे आठवडाभर विचार करायचा फायदा दोघांनाही सारखा. पुढच्या रविवारी पाकीट फोडून डाव पुढे. पाकिटातली चाल नियमाबाहेरची निघाली तर मात्र डाव गेला."

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी लिहिलं, पाकीट चिकटवलं, साहेबांनी त्यावर सही केली, माझी घेतली. पाकीट दत्तोबा शिपायाने ऑफिसच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मला वाटतं मी वाचलो. चांगली चाल सापडली.

सोमवार, २१ जानेवारी

वाचलो नाही. मेलो.

सकाळी बांचा कापडी पट अंथरून डाव मांडून बघत होतो. सगुणा भाकरी थापता थापता बघत होती. मी राजा उचलून अडीच घरं उडवला तशी म्हणाली, "साहेबाच्या खेळात बी राजा उडतो व्हय?"

हातातला राजा खाली ठेवता येईना. मी पाकिटात तेच लिहिलंय. राजा अडीच घरं. फळ्यावर साहेबांनी खडूने लिहिलं होतं, मी मान हलवली होती, आणि घाबरल्यावर माझा हात देवळाच्या ओट्यावर गेला. बरोबर चाल किती सोपी होती. पुढे गेलेला घोडा मागे घेऊन राजासमोर उभा करायचा, बस. आता रविवारी शंभर माणसांसमोर पाकीट फुटणार आणि साहेबांना कळणार की या माणसाला साधे नियम माहीत नाहीत. असा माणूस बॉयलरवर कायम कोण ठेवील? गावातली जमीन थोरल्या भावाकडे. मी परत जाऊन कुठे उभा राहू?

बुधवार, २३ जानेवारी

दोन दिवस कामात लक्ष नाही. आज पाळीवर चिमाजीरावांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढंच? दत्तोबा माझ्या गावचा हाय. कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला. बरोबर चाल काय व्हती ते सांग."

"पाकिटावर साहेबांची सही आहे, माझी आहे."

"पाकीट वाफंवर धरलं की उघडतं. आपल्याला काय वाफंला तोटा हाय? आतला कागुद तेवढा बदलायचा."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "घोडा मागे, राजापुढे." त्यांनी ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं.

का सांगितलं? इथे लिहून तरी कळतंय का बघावं म्हणून लिहितोय. कळत नाही. भीती वाटली की माझ्या तोंडातून समोरच्याला हवं तेच बाहेर पडतं.

शुक्रवार, २५ जानेवारी

चिमाजीराव म्हणाले, "काम झालं." मी त्यांचे उपकार मानले. ते म्हणाले, "उपकार कसले. सोमवारी मुरारीची चौकशी हाय. तुला बोलावतील. तिथं एवढंच सांग की मुरारीला कोळसा जास्त टाकायची खोड हाय, आमी त्याला दोन-चारदा टोकलंय. बाकी मी बघतो."

"पण त्याला खोड नाही."

"सयाजी, तुझं पाकीट मी बदललं. वहीत १२० तू लिहिलंस. आपण एका नावेत हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. मला ते उंटापुढचं फुकटचं प्यादं आठवलं.

जेवलो नाही. सगुणाने ताट झाकून ठेवलं.

शनिवार, २६ जानेवारी

झेंडावंदन झालं. सुट्टी होती म्हणून गाडीने पुण्याला दवाखान्यात गेलो. मुरारीचा हात पांढऱ्या कापडात बांधलेला. मला बघून उठायला लागला. म्हणाला, "उद्या तुझा डाव ना? साहेबाला सोडू नको." मग आवाज खाली करून विचारलं, "सयाजी, त्या दिवशी तू भिंतीला टेकून उभा व्हतास. काटा चढला व्हता का?"

मी म्हणालो, "नाही रे."

त्याने मान हलवली. "मग माझाच कोळसा जास्त झाला आसंल," म्हणाला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. पंधरा वर्षं कोळसा घातलेला माणूस माझ्या एका शब्दावर स्वतःलाच दोषी म्हणाला.

रविवार, २७ जानेवारी

जमेल तेवढं जसंच्या तसं लिहितो.

दोन वाजता सगळे जमले. मोहरी मागच्या रविवारसारखी मांडली. दत्तोबाने पाकीट आणलं. साहेबांनी सह्या पाहिल्या, मला दाखवल्या, पाकीट फोडलं आणि वाचलं, "घोडा मागे, राजापुढे." मग तेच मला म्हणाले, "उत्तम चाल. मला हीच भीती होती." आणि माझा घोडा स्वतःच उचलून राजापुढे ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनाही भीती वाटते, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

त्यांनी आपला हत्ती हलवला. पाळी माझी. मी पटाकडे बघत होतो आणि पटावर जे होतं ते माझं नव्हतं. मी घोडा उचलला आणि जुन्या घरात परत ठेवला. बा ठेवायचे तसा.

म्हणालो, "साहेब, कागदावरचं अक्षर माझं नाही. मी राजा अडीच घरं उडवला होता. आमच्या देशी खेळात चालतं, इथे चालत नाही. मी डाव हरलोय."

मागून चिमाजीराव हलक्या आवाजात म्हणाले, "सयाजी, गप." पण खोली एवढी शांत होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबांनी कागद पुन्हा पाहिला, मग माझ्याकडे. विचारलं, "बॉयलरच्या वहीत २ तारखेला साडेतीनच्या ओळीत १२० आहे. ते अक्षर कुणाचं?"

"ते माझंच आहे साहेब. पण काटा तिथे नव्हता."

"कुठे होता?"

मी ही वही त्यांच्यासमोर ठेवली. पुढून चाली. मग उलटी केली आणि पहिलं पान उघडून दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. झडप सुटली नाही, या ओळीवर परत आले. हळूच म्हणाले, "झडप नऊ दिवस बंद होती. मग सगळा दाब नळावर." ते माझ्याशी बोलत नव्हते, पण मी ऐकलं. म्हणजे मी १६५ लिहिलं असतं तर झडप दुसऱ्या दिवशी बदलली असती. ११ तारखेला मुरारी समोर उभा राहिला असता आणि काही झालं नसतं. हे मला पंचवीस दिवस कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

साहेब वही घेऊन गेले. हे आज घरी सुट्या कागदावर लिहितोय. सगुणाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या चौकशीला जाताना कुशाबाईच्या दारावरनं तसंच पुढं जाऊ नका. आधी तिला सांगा, मग जावा."

सकाळी सांगणार आहे. चौकशीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

वही आज परत मिळाली. सुट्या कागदावरचं तिच्यात चिकटवलं. दत्तोबाने आणून दिली, माझ्याकडे न बघता. साहेबांनी मागच्या बाजूला कुठेही काही लिहिलेलं नाही. पुढच्या बाजूला, डावाच्या शेवटी, लाल पेन्सिलीने लिहिलंय, "काळ्याने डाव सोडला."

सोमवारी सकाळी कुशाबाईने माझं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. मी तिथून चौकशीला गेलो आणि तिथेही तेच सांगितलं.

चौकशीत मुरारी निर्दोष सुटला. चिमाजीरावांचं सर्टिफिकेट तूर्त काढून घेतलंय. काल त्यांची मुलगी पाण्याला चालली होती, तिने मला बघून तोंड फिरवलं. सोयरीक मोडली म्हणतात.

यादी लागली. मुरारीचं नाव आहे. माझं नाही. यादीखाली माझी तात्पुरती नोकरी सहा महिन्यांनी वाढवल्याचा शेरा आहे आणि पाळी तीच, बॉयलरचीच. काढून टाकतील असं वाटलं होतं. पुन्हा त्याच काट्यासमोर बसवतील, असं वाटलं नव्हतं.

झडप नवी आहे. आज दुपारी साडेतीनला काटा ११८ वर होता. मी दोनदा पाहिला. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण ११८ लिहिलं.